खेळाच्या सामानाच्या खोलीतली मुलं

प्रिय अहो आई,

पत्र बघून आधी काळजात धस्स करून घेऊ नका. मी धडधाकट आहे, अंगात ताप नाही, कुठे पडले-धडपडले नाही. माझ्या खोलीतली सोबतीण दोन दिवसांसाठी तिच्या घरी येते आहे, तिच्या हाती हे पाठवते आहे. पाकीट तुमच्याच हातात द्यायचं, तुमच्या चिरंजीवांच्या नाही, असं तिला इतकं बजावलंय की ती आता माझ्यावर वैतागली आहे. फोनवर का नाही बोललीस म्हणाल. फोन आला की तुम्ही तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवता, ठमी तो उचलून पळते, मागून हे ओरडतात, झाला का पाठ, झाला का पाठ, आणि त्या गोंधळात मी सगळं छान आहे म्हणून मोकळी होते. आज मला तसं मोकळं व्हायचं नाहीये.

पाठ झाला. काल सकाळी झाला. कसा झाला ते सांगणारच आहे, पण मला क्रमाने सांगू द्या. मी तुम्हाला पुरती ओळखते, आत्ता चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही शेवटचा कागद शोधत असाल. शोधू नका, माझी शपथ आहे. निम्मं वाचून शेवट बघितलात तर माझ्यावर भडकाल, आणि सगळं वाचून भडकलात तर निदान कशावर भडकायचं ते तरी ठाऊक असेल.

या एका पाठावर काय काय टांगलेलं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. लग्नानंतर सहा वर्षांनी, पदरात पोर असताना शिक्षिका व्हायचं खूळ माझ्या डोक्यात आलं तेव्हा हे म्हणाले होते, आता? आणि ठमीचं काय? तुम्ही तांदूळ निवडत होतात, मान वर न करता म्हणालात, जाऊ दे तिला, पोरीला मी बघते. मग दारात निरोप देताना मला बाजूला घेऊन तंबी दिलीत की एकच वर्ष, माझे गुडघे एक वर्ष कळ काढतील, त्याच्या वर एक दिवस मागू नकोस. मी हो म्हटलं. वर्षभर कागदावरचं सगळं नीट पार पडलं. उरला होता तो एवढा शेवटचा पाठ, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर. तो झाला की हातात प्रमाणपत्र आणि मी ठमीजवळ. तो गेला तर वर्ष पाण्यात.

सुरुवातीला माझी काय दैना होती ते मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. इथे आम्हा शिकाऊ बाईंना खऱ्या शाळेतल्या खऱ्या वर्गावर उभं करतात. मागच्या बाकावर आमच्या कॉलेजच्या मॅडम वही घेऊन बसतात, शेजारी त्या वर्गाच्या मूळच्या बाई बसतात, आणि पुढे चाळीस मुलं तुमच्याकडे टक लावून बघतात. पहिल्या दिवशी मला दरदरून घाम फुटला होता. घरी सगळ्यांची बोलती बंद करणारी मी, पण तिथे तोंडातून शब्द फुटेना. फळ्यावर लिहिलं आणि लिहिलेल्यासमोरच उभी राहिले. एक मुलगा म्हणाला, बाई, तुम्ही काचेच्या आहात का? सगळा वर्ग खिदळला. मॅडमनी शेऱ्यात लिहिलं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत नाही, हालचालीत अवघडलेपणा, तयारी कमी. तयारी कमी! मी ते सगळं घोकून घोकून आरशापुढे म्हटलं होतं. त्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून रडले आणि संध्याकाळी फोनवर तुम्हाला सांगितलं, मुलं फार गोड आहेत.

पण मीही हट्टी. हळूहळू जमायला लागलं. फळ्याच्या कडेला उभं राहायचं, प्रश्न विचारून सगळ्या वर्गावर नजर फिरवायची, मग नाव घ्यायचं, खडू बोटात कसा धरला की किंचाळत नाही, सगळं शिकले. आणि मग आला अपूर्णांकांचा पाठ. चौथीचा वर्ग. आमच्या कपाटात पुठ्ठ्याचा एक मोठा गोल आहे, त्याचे चार भाग केलेले, एक भाग लाल रंगवलेला. तो फळ्यावर लावला, विचारलं हा लाल भाग किती, तर चाळीसच्या चाळीस हात वर. एक चतुर्थांश! असं एका सुरात, खणखणीत. पुढे काय विचारणार ते माझ्या तोंडून बाहेर पडायच्या आत उत्तर हजर. कळलं का म्हटलं की हो बाई! मॅडम स्वतः उठून पुढे आल्या, पाठीवर हात ठेवला आणि बाकीच्या मुलींना म्हणाल्या, पाठ असा व्हावा. त्याच दिवशी मी तुम्हाला फोन करून फुशारक्या मारल्या होत्या, आठवतं? तुम्ही म्हणालात, बाई गं, आता घरी येऊन आम्हाला शिकवशील. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

जमिनीवर आणलं ते माझ्याच आळशीपणानं. पुढच्या आठवड्यात उजळणी घ्यायची होती आणि पुठ्ठ्याचा गोल माझ्या सोबतिणीनं दुसऱ्या वर्गावर नेला होता. म्हटलं, त्यात काय एवढं. घाईघाईनं एक कागद गोल कापला, त्यावर रेघा मारल्या आणि एक भाग लाल केला. धावतपळत केलेलं काम, रेघा वाकड्यातिकड्या. लाल तुकडा चांगला अर्ध्याला टेकला आणि उरलेले तीन चिमुकले. फळ्यावर लावल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मी जीभ चावली. म्हटलं, आता मुलं हसणार. कोणी हसलं नाही. चाळीस हात वर. एक चतुर्थांश! तोच सूर, तोच खणखणीतपणा. मी मुद्दाम कागद उलटा केला, मागच्या बाजूला एक चौकोन काढला, त्याचे दोनच भाग केले आणि एक लाल रंगवला. एक चतुर्थांश! ही मुलं गोल बघत नव्हती, भाग मोजत नव्हती. लाल दिसलं की एक चतुर्थांश म्हणायचं, एवढंच त्यांना येत होतं.

मधल्या सुट्टीत मी वर्गाच्या बाईंना गाठलं. पन्नाशीच्या आहेत, कमी बोलतात, सतत काहीतरी तपासत असतात. त्या वह्यांवरून मान न उचलता म्हणाल्या, अगं, हा पाठ या वर्षी यांनी किती जणींकडून ऐकलाय माहितीये? तुम्ही सगळ्या तोच गोल घेऊन येता. तो सोपा, तो दिसायला छान, तुमच्या मॅडमना आवडतो. पोरांना कळून चुकलंय की लाल भाग आला की काय ओरडायचं, ओरडलं की नव्या बाई खूश होतात आणि तास लवकर सुटतो. मला कोणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. म्हणजे माझा तो गाजलेला पाठ मी शिकवलाच नव्हता. मुलांनी मला तो करून दाखवला होता.

त्यानंतर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि त्यातच मला दुसरी गोष्ट दिसली. वर्गाच्या पटावर जितकी नावं, तितकी मुलं आमच्या पाठाला कधीच नसायची. चाळीस मी मोजत होते, पटावर होती पंचेचाळीस. मी समजत होते की पाच जण गैरहजर असतील. एकदा पाठाच्या आधी झाडूवाल्या मावशींकडे डस्टर मागायला गेले तर खेळाच्या सामानाच्या खोलीत पाच जण बसलेले. जुन्या चटया, हवा गेलेले चेंडू, एक तुटकी खिडकी. उड्या मारायच्या दोऱ्यांचा गुंता झालेला, तो सोडवायचं काम त्यांना दिलेलं. मला बघून एक पोर उभी राहिली, म्हणाली, पाहुणे गेले का बाई? म्हणजे पाठाला मॅडम येणार असल्या की यांना इकडे पाठवायचं, अशी रीतच होती. ज्यांना येत नाही ती मुलं पाहुण्यांना दिसायला नकोत. आणि गंमत सांगू, त्या मुलांना तो मान वाटायचा. दोऱ्या सोडवायला बाई आम्हालाच पाठवतात म्हणे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही म्हणता ना, मला राग आला की आधी तोंड सुटतं आणि मग डोकं चालतं. तसंच झालं. मी वर्गाच्या बाईंना चारचौघींत नको ते बोलले. त्या शांतपणे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, पूर्वी मी नव्हते पाठवत. एका वर्षी परीक्षक आले, त्यांनी एका पोराला उभं करून उत्तर येईपर्यंत बसू दिलं नाही. सगळा वर्ग हसत होता, तुझ्यासारखी एक शिकाऊ बाई फळ्याजवळ उभी राहून घाबरून तीही हसली. ते पोर पुढे शाळेत यायला तयार होईना. तेव्हापासून पाठवते. तुम्ही मार्क घेऊन जाता, बाळ, ही मुलं माझ्याकडे राहतात. चूक त्यांची म्हणावी तर त्यांनी ती मायेपोटी केली होती, आणि बरोबर म्हणावं तर ती पाच मुलं वर्षभर दोऱ्याच सोडवत होती.

मग मी मधल्या सुट्टीत त्याच खोलीत त्या पाच जणांबरोबर बसायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे मार्कही नव्हते. त्यातल्या एका मुलीचं नाव वर्गात होयबा पडलेलं. हाडकुळी, मोठे डोळे, दोन्ही वेण्यांना वेगवेगळ्या रिबिनी. तिला काहीही विचारा, हो. कळलं का, हो. परत सांगू का, हो. आधी कळलं म्हणालीस ना, हो. एकदा मी मुद्दाम म्हटलं, तीन आणि दोन मिळून नऊ होतात ना गं? हो बाई. हो म्हटलं की मोठी माणसं निघून जातात, हे ती कधीतरी शिकली असणार. मला रागही येई आणि पोटात तुटेही. मी ठरवलं की हिला बाकी काही नाही आलं तरी चालेल, पण हिच्या तोंडून एकदा नाही काढायचं.

काय काय केलं म्हणून सांगू. चुकीचं सांगायचं आणि जो मला पकडेल त्याला खडूचा नवा तुकडा. मी उलटी वही धरायची, पाच बोटं दाखवून सात म्हणायचं. बाकीचे चौघे आठवड्याभरात माझ्यावर ओरडायला शिकले. ही आपली गप्प. मग एक दिवस बिस्किट मोडून तिला आणि दुसऱ्याला देत होते, म्हटलं, दोघांना सारखं हं. तिच्या हातात अगदी एवढासा तुकडा ठेवला. तिनं तुकड्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. ती म्हणाली, नाही. इतकं हळू, की मला परत विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. मी तिला जवळ घेतलं तर ती घाबरली, तिला वाटलं काहीतरी चुकलं. आई, मला तेव्हा ठमीची इतकी आठवण आली. आपली ठमी तर दिवसभर नाही नाही म्हणून तुमचा जीव खाते. खाऊ दे तिला. तिला अजिबात रागवू नका त्यावरून.

मग परीक्षा जवळ आली. माझा पाठ कुठला असावा? मॅडमनीच ठरवला, तुझा तो अपूर्णांकांचा दे, तो हुकमी आहे. मी म्हटलं, मुलांच्या हातात कागदाच्या पट्ट्या देते, त्यांनाच घड्या घालू देते. त्या म्हणाल्या, पट्ट्या दे हवं तर, पण गोल फळ्यावर पाहिजे, आणि पस्तीस मिनिटांत शेवटचे प्रश्न विचारून झालेले पाहिजेत. परीक्षक घड्याळ बघतात. त्यांचा माझ्यावर फार जीव होता हो. बाकीच्यांना सांगत होत्या, ही पहिली येणार. मीही मनातल्या मनात ठमीसाठी काय काय न्यायचं ते ठरवून ठेवलं होतं, बॅगही निम्मी भरली होती.

काल सकाळी वर्गात शिरले. परीक्षक अजून यायचे होते. बघते तर होयबा दप्तर आवरून दारात उभी. तिला कोणी सांगितलं नव्हतं, बाकं पुसलेली दिसली की तिला समजायचं. म्हणाली, बाई, आम्ही निघू का? तिच्या मागे बाकीचे चौघे, एकाच्या हातात दोरी सुद्धा. मी वर्गाच्या बाईंकडे बघितलं. त्यांनी खिडकीपासून एकदा मान हलवली, नको या धंद्यात पडूस अशी. जिन्यावर मॅडमचा आणि परीक्षकांचा आवाज यायला लागला होता. खरं सांगते, माझ्या मनात आलं की आजच्या दिवस जाऊ द्यावं. एकच दिवस. एक तास दोऱ्या सोडवल्यानं यांचं काय बिघडतंय, इतके दिवस सोडवल्याच आहेत. आणि तोंड उघडलं तेव्हा मी म्हणाले, बसा जागेवर. तिला दुसऱ्या बाकावर बसवलं, मधोमध.

परीक्षक म्हणजे एक उंच गृहस्थ, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. मागच्या बाकावर बसले, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. मी सुरुवात केली. आवाज चांगला लागला होता, खडू किंचाळला नाही. पट्ट्या वाटल्या. मुलांनी घड्या घातल्या, एकाचे दोन, दोनाचे चार, अर्धं म्हणजे काय, पाव म्हणजे काय. पुढची मुलं नेहमीप्रमाणे तयार उत्तरं ठोकत होती. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू दिसत होतं. निम्मा पाठ अगदी बिनबोभाट गेला. मी वळले, फळ्यावर अर्धं लिहिलं आणि सवयीनं विचारलं, कळलं का? हो बाई! सगळा वर्ग. आणि तो आवाज विरतो न विरतो तोच दुसऱ्या बाकावरून आलं, नाही.

चांगलं मोठ्यानं. त्या खोलीतल्या कुजबुजीसारखं नव्हे, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. मॅडमचा पेन थांबला. अशा वेळी काय करायचं तेही आम्हाला शिकवलेलं आहे, गोड हसून म्हणायचं, बस हं बाळ, नंतर सांगते, आणि पुढे जायचं. जीभ वळलीही होती तशी. पण ती माझ्याकडे बघत होती, आई. घाबरली नव्हती. तिला खात्री होती की तिनं माझ्यासाठी काहीतरी चांगलं केलंय. इतके दिवस मी जे मागत होते ते तिनं सगळ्यांसमोर दिलं होतं, आणि ते परत घे म्हणून सांगायचं कसं? मी तिच्या बाकाजवळ गेले, खाली वाकले आणि विचारलं, काय नाही कळलं?

तिच्या आणि शेजारणीच्या पट्ट्या सारख्या नव्हत्या. हाताशी होता त्या कागदातून मी त्या कापलेल्या, एक लांब, एक आखूड. तिनं आपली घडी आणि शेजारणीची घडी एकावर एक ठेवली. म्हणाली, हेही अर्धं, तेही अर्धं, मग माझं एवढंसं का? गाइडमध्ये हा प्रश्नच नाही. मी तरी याचा कधी विचार केला होता? तेवढ्यात मागचा एक जण उठून आपली पट्टी घेऊन आला, माझी तर याहून मोठी आहे. मग तिसरी आली. लाल दिसलं की ओरडणारी ती हुशार मंडळी एकदम गोंधळली, हो की, सगळीच अर्धी कशी काय? बाकांवरून उठाउठी, भांडणं, तुझं खोटं, नाही तुझंच खोटं. मी गप्प करायला हवं होतं. केलं नाही. विचारत राहिले, बरं मग कोणाचं खरं? मागच्या बाकावरून घड्याळ उचलल्याचा आवाज मी ऐकला. शेवटी, मला काचेच्या आहात का विचारणारा तो टवाळ बाकावर हात आपटून म्हणाला, अरे, अर्धं कशाचं ते आधी विचारा ना! तिच्या पट्टीचं अर्धं, हिच्या पट्टीचं अर्धं! होयबानं दोन्ही पट्ट्या उलगडल्या, पुन्हा मिटल्या, पुन्हा उलगडल्या. मग तिनं मान डोलावली, कोणी विचारलं नसताना. आणि घंटा झाली.

फळा निम्मा कोरा. लाल गोल लावायचा राहून गेला, शेवटचे प्रश्न विचारायचे राहून गेले, बाकांखाली कागदाचा कचरा. परीक्षकांनी घड्याळ मनगटावर चढवलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. मॅडम मला बाहेर घेऊन आल्या आणि ज्या सुरू झाल्या! वर्ग हातात नाही, वेळेचं भान नाही, त्या मुलांना वर्गात ठेवायचं तुला कोणी सांगितलं, मी त्यांच्यापाशी तुझी किती तारीफ केली होती. शेवटी त्यांचेच डोळे भरून आले, म्हणाल्या, एक तास गं, एक तास तुला गप्प बसवता आलं नाही तिला? त्यांचं काहीच खोटं नव्हतं. मी परत वर्गात गेले तर वर्गाच्या बाई फळा पुसत होत्या. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला धरला आणि म्हणाल्या, माझ्या वर्गात आज पहिल्यांदा भांडण झालं, गणितावरून.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते सांगते. आई, मी नापास झाले. संध्याकाळी बोलावून सांगितलं, पाठ अपूर्ण, उद्दिष्ट साध्य नाही. पण मॅडमनी परीक्षकांची मनधरणी केली. ते शनिवारपर्यंत इथे आहेत, शनिवारी शेजारच्या तुकडीवर मी तोच पाठ पुन्हा द्यायचा, लाल गोल घेऊन, तयार मुलांसमोर, आणि त्या तुकडीतली कच्ची मुलं खेळाच्या खोलीत. पास होणार यात शंका नाही, रविवारी मी घरी असेन. नाहीतर पुढच्या सत्राच्या शेवटी परीक्षा, तोवर इथेच. वर्गाच्या बाई म्हणाल्या, राहिलीस तर रोजचा पहिला तास त्या पाच जणांचा आणि तुझा. मला राहायचंय. शनिवारचा पाठ मला द्यायचा नाही, कारण तो एकदा दिला की मी जन्मभर तोच देत राहीन, माझा मला भरवसा नाही. पण ठमी पुढच्या महिन्यात पाच वर्षांची होईल आणि मी तिथे नसेन. यांना मी अजून काही बोलले नाही. ते तुमच्या तोंडाकडे बघतील, आणि तुम्ही माझ्याखातर गुडघे चोळत हो म्हणाल. तसं हो मला नकोय, तसल्या हो म्हणण्यानं माझं वर्षभर पोट भरलंय. तुम्हाला जमणार नसेल तर सरळ नाही म्हणा. मी शनिवारी लाल गोल हातात घेऊन उभी राहीन, त्या मुलांना माझ्या हातानं खोलीत बसवीन, पास होऊन घरी येईन, आणि जन्मात तुम्हाला ते कधी बोलून दाखवणार नाही. शुक्रवारी दुपारी, हे कामावर असताना मी फोन करीन. ठमीला शेजारी खेळायला पाठवा आणि तुमच्या मनात खरंच जे असेल तेच मला सांगा.

तुमचीच,
अजून पास न झालेली सून